चीज फुटू नये म्हणून

६ फेब्रुवारी १८०२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्याकडे त्या दिवशी जेवायला गेलेल्या मनॅसे कटलर नावाच्या खासदारांनी पानातला सगळा बेत रोजनिशीत उतरवून ठेवला. कटलर हे मॅसॅच्युसेट्सचे पाद्री. भाताचं सूप, गोमांस, टर्की, मटण, हॅम, तळलेली अंडी अशी यादी करत करत ते आइस्क्रीमपर्यंत पोचतात आणि त्याची तारीफही करतात. गाडी अडते ती ‘मॅकरोनी’ नावाच्या एका पायवर. त्यांना त्यात कांद्याच्या नळ्या दिसल्या, चव उग्र लागली, पदार्थ काही आवडला नाही. तेव्हा जेफरसन यांचे चिटणीस मेरिवेदर लुइस यांनी त्यांची समजूत घातली, की यात कांदा अजिबात नाही, हा इटालियन पदार्थ आहे आणि कांद्यासारखं जे दिसतंय ते पीठ आणि लोण्याचं आहे.

कटलर यांनी नाक मुरडलेला तो पदार्थ पुढे अमेरिकेच्या घराघरात गेला, तिथून डब्यात बंद होऊन जगभर फिरला आणि आज पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरातही मुलांच्या वाढदिवसाला काचेच्या भांड्यातून टेबलावर येतो. त्याला कुणी बेक्ड पास्ता म्हणतं, कुणी बेक्ड मॅकरोनी, कुणी नुसतंच ‘बेक्ड डिश’. मॅकरोनी, दूध, मैदा, लोणी आणि चीज एवढ्या पाच जिनसांत भागतं. जायफळ, मोहरी, भाज्या हे सगळं हौसेचं.

जिन्नस साधे असूनही हा पदार्थ बिघडतो मात्र सहज. सॉस दाणेदार होतो, वर तेलाचा तवंग येतो, चीजचा रबरी गोळा होऊन चमच्याला चिकटतो, नाहीतर सॉस घट्ट आणि गुळगुळीत होऊनही ओव्हनमधून बाहेर येईपर्यंत मॅकरोनी तो सगळा पिऊन टाकते आणि भांड्यात कोरडी ढेप उरते. मग दोष दिला जातो चीजला: आपल्याकडे चांगलं मिळतच नाही, परदेशी आणायला हवं होतं. खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. महागातलं, मुरलेलं चीज या सॉसात सगळ्यात आधी फुटतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला प्रोसेस्ड चीजचा क्यूब सहसा फुटत नाही, आणि त्यामागे शंभर वर्षांहून जुनं रसायनशास्त्र आहे.

उकडलेलं पीठ आणि चीज ही जोडी जेफरसन यांच्या कितीतरी आधीची. नेपल्सच्या दरबाराशी जोडल्या जाणाऱ्या ‘लिबेर दे कोक्विना’ या मध्ययुगीन लॅटिन पाकपुस्तकात कणीक पातळ लाटून, चौकोनी तुकडे कापून, उकडून, थराथरांत किसलेलं चीज आणि मसाल्याची पूड पेरायला सांगितलं आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास संकलित केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’मध्येही तेच: लाटलेल्या पारीचे तुकडे उकळत्या पाण्यात टाकायचे आणि वर-खाली चीज नि लोणी घालून वाढायचं. या दोन्ही कृतींत सॉस नाही. गरम पिठावर चीज भुरभुरलं, ते मऊ झालं, संपलं. फुटण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न सुरू झाला तो हे सगळं मलईदार व्हावं असं लोकांना वाटू लागलं तेव्हा. मँचेस्टरमध्ये खाद्यपदार्थांचं दुकान चालवणाऱ्या एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनी १७६९मध्ये ‘दि एक्स्पीरियन्स्ड इंग्लिश हाउसकीपर’ हे पुस्तक काढलं. त्यात पार्मेसान चीज घालून केलेल्या मॅकरोनीची कृती आहे. उकडलेली मॅकरोनी साईत घालायची, लोण्याचा गोळा पिठात घोळवून त्यात सोडायचा आणि पाच मिनिटं उकळायचं. चीज मात्र त्या साईत जात नाही. ते भाजून, अगदी शेवटी वरून येतं. हे फार लवकर गार होतं, तेव्हा गरम पाणी भरलेल्या ताटलीवर ठेवून वाढा, अशी सूचनाही बाईंनी केली आहे. पीठ-लोण्याची जोड घट्टपणा आणते आणि चीजला जास्त वेळ उकळत ठेवायचं नसतं, या दोन्ही गोष्टी त्यांना अनुभवाने माहीत होत्या.

अमेरिकेत हा पदार्थ कुणी नेला, या प्रश्नाचं शाळकरी उत्तर ‘जेफरसन’ असं आहे. ते अपुरं आहे. जेफरसन यांना मॅकरोनीची हौस होती हे खरं. ती पाडण्याच्या यंत्राचं त्यांच्या हातचं रेखाचित्र आजही जपलेलं आहे. पण चूल त्यांनी पेटवली नव्हती. १७८४मध्ये ते फ्रान्सला निघाले तेव्हा बरोबर एकोणीस वर्षांचा जेम्स हेमिंग्ज होता. हा त्यांचा गुलाम, आणि नात्याने त्यांच्या दिवंगत पत्नीचा सावत्र भाऊ, कारण दोघांचा बाप एकच. पॅरिसमध्ये जेम्सला स्वयंपाक शिकायला घातलं. तिथल्या खानावळवाल्याकडे, पेस्ट्री करणाऱ्याकडे, शाँतियीच्या राजवाड्यातल्या आचाऱ्याकडे तो शिकला आणि पुढे जेफरसन यांच्या पॅरिसच्या घरचा मुख्य आचारी झाला. फ्रान्सच्या भूमीवर तो न्यायालयात जाऊन स्वातंत्र्य मागू शकला असता. १७८९मध्ये तो परतला. १७९३मध्ये जेफरसन यांनी लिहून दिलं, की दुसऱ्या कुणाला हे कसब शिकवलंस तर तुला मुक्त करू. जेम्सने धाकट्या भावाला, पीटरला तयार केलं आणि १७९६मध्ये तो मुक्त झाला. जाण्यापूर्वी त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. ती आजही पाहायला मिळते. अक्षर नेटकं आहे.

१८०१मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन यांनी त्याला मुख्य आचारी म्हणून बोलावणं धाडलं, पण मध्यस्थांकरवी. मालकाने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात, असं जेम्सचं म्हणणं पडलं. त्या ओळी काही आल्या नाहीत आणि तो गेला नाही. त्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. कटलर यांना न आवडलेली ती मॅकरोनी त्यामुळे त्याच्या हातची नव्हती. पण फ्रेंच पद्धतीचा सॉस ज्या चुलीवर होतो ती ‘स्टू स्टोव्ह’ जेम्सने पॅरिसात हाताळली होती आणि तशीच चूल तो मॉंटिचेलो इथल्या जेफरसन यांच्या घरी वापरत होता. विटांचा ओटा, त्यात ओळीने खळगे, प्रत्येकात कोळसा. आच हवी तशी कमी-जास्त करता येते. २०१७मध्ये उत्खननात या चुलीचे अवशेष सापडले. मोठ्या उघड्या शेकोटीवर मांस भाजता येतं. दूध-पिठाचा सॉस करायला मंद, हाताशी राहणारी आच लागते.

नंतर १८२४मध्ये मेरी रँडॉल्फ यांच्या ‘द व्हर्जिनिया हाउस-वाइफ’ या पुस्तकात मॅकरोनीची कृती छापून आली. दूध-पाण्यात उकडलेली मॅकरोनी, मग तिचा थर, चीज, लोणी, पुन्हा थर आणि भट्टी. दक्षिणेतल्या अशा बड्या घरांमध्ये राबणारे हात बहुतेक गुलामांचेच असत. आज कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला भाजलेली मॅक अँड चीज लागतेच, आणि ती करण्याचा मान घरातल्या कुणालाही सहजासहजी मिळत नाही; तो कमवावा लागतो. बाकी जगाने आपापल्या परीने तीच युक्ती केली. ग्रीकांचं पास्तीत्सिओ आहे, बार्बाडोसचा मॅकरोनी पाय आहे, इजिप्तमध्ये बेशामेल हा पांढरा सॉस घातलेली मकरोना आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातले लोक मॅकरोनीत बटाटा आणि चीज घालतात आणि सोबत चक्क सफरचंदाचा गर वाढतात.

आता फुटण्याचं कारण. चीज म्हणजे दुधातल्या केसीन या प्रथिनाचं जाळं. कॅल्शियम या जाळ्याचे धागे एकमेकांना बांधून ठेवतं आणि त्यात स्निग्धांश नि पाणी अडकलेलं असतं. ऊब मिळाली की आधी स्निग्धांश पातळ होतो, मग जाळं सैल पडतं आणि चीज वितळतं. इथवर ठीक. आच वाढतच गेली तर प्रथिनं आक्रसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी नि तेल पिळून बाहेर टाकतात. दाणे, तवंग आणि रबर, तिन्ही एकदमच. चीज जितकं मुरलेलं तितकं त्यात पाणी कमी आणि प्रथिनांचे धागे तुटलेले, म्हणून जुनं चेडार किंवा पार्मेसान नुसतंच तापवलं तर लवकर फुटतं. मैदा इथेच कामी येतो. त्यातलं स्टार्च दुधात फुगतं, द्रव दाट करतं आणि प्रथिनांच्या नि तेलाच्या थेंबांच्या मध्ये आडवं येऊन त्यांना गोळा होऊ देत नाही.

पनीर का वितळत नाही, हेही यातूनच कळतं. पनीर होतं ते तापलेलं दूध लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालून नासवून. आम्लामुळे कॅल्शियम सुटून निवळीत निघून जातं आणि उरलेली प्रथिनं अशी घट्ट बसतात की तापवल्यावर सैल पडायचं नावच घेत नाहीत. त्यामुळे बेक्ड पास्त्यात चीजऐवजी पनीर किसून घातलं तर खायला वाईट लागत नाही, पण सॉस होत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या थून गावी १९११मध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी या दुखण्यावर वेगळंच औषध शोधलं. उष्ण देशांत पाठवलं तरी टिकेल असं चीज त्यांना हवं होतं. चीज किसून सोडियम सायट्रेटबरोबर तापवलं, तेव्हा ते फुटलं नाही, उलट एकजीव, गुळगुळीत झालं. या क्षारातलं सायट्रेट चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि सोडियम त्याची जागा घेतं. बांधणारी गाठच सुटते, मोकळी झालेली प्रथिनं तेलाच्या थेंबांभोवती लपेटतात आणि मिश्रण तापलं तरी धरून राहतं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी प्रोसेस्ड चीजचं स्वतःचं पेटंट १९१६मध्ये मिळवलं. १९३७मध्ये, मंदीच्या दिवसांत, त्यांच्या कंपनीने कोरडी मॅकरोनी आणि चीजच्या भुकटीची पुडी एकत्र घालून १९ सेंटला खोका विकायला काढला. एका खोक्यात चौघांचं जेवण. दुसऱ्या महायुद्धात मांस आणि दुधाचे पदार्थ शिधापत्रिकेवर गेले, तेव्हा एका कुपनावर असे दोन खोके मिळत. मग खपाबद्दल वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे ही विद्या आणंदला आली. अमूलने १९६०च्या दशकात म्हशीच्या दुधापासून चीज करायला घेतलं. तेव्हापासून मराठी घरात ‘चीज’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते प्रोसेस्ड चीज, आधी निळसर डब्यातलं आणि मग चांदीच्या कागदातल्या क्यूबचं. खवय्ये त्याला नाक मुरडतात. वाइनबरोबर चाखायला ते नाही हे कबूल. पण वेष्टनावर इमल्सिफायर म्हणून ३३१ किंवा ३३९ असे आकडे दिसले, तर ते थूनच्या जातकुळीतले क्षार आहेत हे ओळखावं: पहिलं सोडियम सायट्रेट, दुसरं सोडियम फॉस्फेट. असे दोन-तीन क्यूब सॉसात पडले की ते स्वतः तर फुटत नाहीतच, बरोबर घातलेल्या चेडारलाही सांभाळून घेतात.

मुंबईतल्या शाकाहारी घरांमध्ये बेक्ड डिशची जी लाट आली, तिच्यात तरला दलाल यांचा वाटा मोठा. जन्म पुण्याचा, संसार मुंबईत. १९६६मध्ये घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले आणि १९७४मध्ये पहिलं पुस्तक आलं. मांसाशिवाय, अनेकदा अंड्याशिवाय, ‘कॉन्टिनेन्टल’ करता येतं हे त्यांनी हजारो गृहिणींना दाखवून दिलं. बेक्ड मॅकरोनी विथ पाइनॅपल हा खास त्या जगातला पदार्थ. इटालियन माणूस पाहून दचकेल, पण खारट चीज आणि आंबटगोड फळ ही जोडी स्विस सफरचंदाच्याच वळणाची आहे. अननस डब्यातला घेतात तो निव्वळ सोयीसाठी नव्हे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि सॉस कडवट करतं. डब्यात भरताना अननस तापवलेला असतो, त्यामुळे ते निकामी झालेलं असतं. ताजाच वापरायचा असेल तर फोडी आधी साखरेच्या पाण्यात उकळून घ्याव्यात.

त्या काळी ओव्हन म्हणजे झाकणाला काचेची खिडकी असलेला, अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन. ज्यांच्याकडे तोही नसे ते जाड बुडाच्या कढईत वाळू तापवून त्यावर नानकटाई नि केक भाजत. आता ओटीजी आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह सर्रास दिसतात आणि कॉलेजच्या कट्ट्यावर व्हाइट सॉस, रेड सॉस, पिंक सॉस हे शब्द वडापावइतके सहज बोलले जातात.

आता प्रत्यक्ष करायला घेऊ, आणि खरेदीपासूनच सुरुवात करू. मॅकरोनीच्या पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं असावं. इटलीत १९६७च्या कायद्यापासून सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो, कारण या कडक गव्हातलं ग्लुटेन उकळूनही आकार धरून ठेवतं. हा गहू आपल्याला परका नाही. शेवयांना नि रव्याला नावाजलेला बन्सी गहू ड्युरमच, आणि खपली त्याची जुनी नातलग. रुखवतात मांडायला गव्हले, नखुल्या वळणाऱ्या बायकांना कुठलं पीठ उकळत्या दुधात विरघळत नाही हे चांगलं ठाऊक होतं. किराणा दुकानात किलोवर सुटी मिळणारी मॅकरोनी पुष्कळदा मैद्याची असते. ती स्वस्त पडते, पण उकळताना दोन मिनिटं लक्ष चुकलं की लगदा.

चीजचं वेष्टनही वाचावं. ‘चीज अॅनालॉग’ म्हणजे ज्यात दुधातल्या स्निग्धांशाच्या जागी बहुधा वनस्पती तेल असतं तो पर्याय. तो विकणं बेकायदा नाही, चीज म्हणून विकणं मात्र चालत नाही. २०२४च्या सुरुवातीला अहमदनगरमधल्या एका साखळी उपाहारगृहावर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने याच मुद्द्यावरून कारवाई केल्याचं गाजलं होतं, आणि मग मेनूकार्डावरची नावं बदलली. शाकाहारी घरांसाठी आणखी एक: खरं पार्मेसान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या जठरातल्या रेनेटनेच विरजलेलं असतं. हिरवा ठिपका असलेल्या देशी चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात.

चौघांना २५० ग्रॅम मॅकरोनी पुरते. अडीच लिटर पाणी खळखळ उकळलं की त्यात दीड मोठा चमचा मीठ घालावं, मग मॅकरोनी. पाकिटावर नऊ मिनिटं लिहिली असतील तर सहाला बंद करावं. तुकडा दातांखाली तोडला तर मध्ये पांढरट, कच्चा ठिपका दिसायला हवा. उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये सॉसातल्या पाण्यावर होणार आहे. बेक्ड पास्ता गिच्च होतो तो बहुतेक वेळा इथेच, मॅकरोनी आधीच पूर्ण शिजवल्यामुळे. चाळणीवर ओतण्यापूर्वी वाटीभर पाणी काढून ठेवावं. त्यात उतरलेलं स्टार्च नंतर उपयोगी पडतं.

सॉससाठी ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा आणि पाऊण लिटर दूध. लोणी मंद आचेवर वितळलं की मैदा घालून दीड-दोन मिनिटं परतावा. आधी तो ओल्या वाळूसारखा एकत्र येतो, मग सैल होऊन फेसाळतो आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास सुटतो. रंग बदलू द्यायचा नाही. मग दूध, आणि तेही एकदम नव्हे: पहिल्या अर्ध्या वाटीत घट्ट गोळा होईल, तो घोटून मऊ झाल्यावर पुढची अर्धी वाटी, मग उरलेलं धारेने. लोण्यात परतलेल्या मैद्याचा प्रत्येक कण स्निग्धांशाने वेढलेला असतो, म्हणून तो दुधात सुटा सुटा पसरतो. कोरडं पीठ गरम द्रवात टाकलं की गुठळ्या होतातच. गुठळ्या झाल्याच तर रवी फिरवावी किंवा गाळून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं शिजू द्यावं. चमचा बुडवून पाठीवरून बोट फिरवलं तर रेघ राहिली पाहिजे, पण सॉस चमच्यावरून वाहताही राहिला पाहिजे. भांड्यात तो जरा पातळच वाटावा, कारण भाजताना मॅकरोनी त्यातलं पाणी ओढून घेते. वाटला घट्ट, तर बाजूला ठेवलेलं वाटीभर पाणी त्यासाठीच आहे.

आता आच बंद करायची. दोन मिनिटं थांबून किसलेलं चीज दोन-तीन हप्त्यांत घालावं. १५० ग्रॅम, म्हणजे सहा क्यूब. चेडार मिळत असेल तर अर्धं ते. सॉसाच्या अंगच्या उष्णतेत ते विरघळतं. परत उकळायची गरज नाही, उकळूही नये. अर्धा चमचा मोहरीची पूड इंग्रज घालतात, ती चीजची चव धारदार करते आणि सॉस धरून ठेवायलाही हातभार लावते. मोहरी फेसून कोशिंबिरीत घालणाऱ्या घरात तिची ओळख करून द्यायला नको. श्रीखंडात नि पुरणात पडणारं जायफळ युरोपात याच पांढऱ्या सॉसात पडतं. किसणीवर चार-पाच वेळा फिरवलं तरी पुरे. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. लोणी खारं, चीज खारट, मॅकरोनीच्या पाण्यातही मीठ, त्यामुळे बहुधा लागतच नाही.

भाज्या घालायच्या तर मक्याचे दाणे, फ्लॉवरचे छोटे तुरे, फरसबी, सिमला मिरची चालतात, पण आधी मोठ्या आचेवर परतून त्यांचं पाणी आटवलेलं हवं. नाहीतर ते पाणी ओव्हनमध्ये सुटतं आणि भांड्याच्या तळाशी साचतं. पिंक सॉस करायचा असेल तर टोमॅटोचा रस आधी आटवून घट्ट करावा आणि पांढरा सॉस पूर्ण शिजल्यावरच त्यात मिसळावा. नुसत्या गरम दुधात टोमॅटो गेला तर आम्लामुळे ते नासतं. मैद्याने दाट झालेला सॉस तेवढं आम्ल सहन करतो.

मॅकरोनी नि सॉस एकत्र करून लोणी फिरवलेल्या पसरट भांड्यात ओतावं. खोल भांडं नको; पसरट भांड्यात वरचा थर जास्त येतो, आणि त्यासाठीच तर खटाटोप. वर १०० ग्रॅम मोझरेला किसून पसरावं. प्रोसेस्ड चीज सॉसात गुणी असलं तरी त्याला तार येत नाही, ती या मोझरेलाची कामगिरी. त्यावर शिळ्या पावाचा चुरा चमचाभर लोण्यात परतून घालावा. बेकरीतला मिल्क टोस्ट मात्र नको, तो गोड असतो. ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटं तापलेला असावा. वीस ते पंचवीस मिनिटांत कडेने बुडबुडे येतात, मोझरेलावर तपकिरी डाग पडतात आणि भांड्याच्या काठाला सॉसाची खरवड धरते. हा तपकिरी रंग म्हणजे दुधातली साखर आणि प्रथिनं यांची उष्णतेत होणारी अभिक्रिया. साध्या मायक्रोवेव्हमध्ये ती होत नाही, कारण तिथे पदार्थाचा पृष्ठभाग तेवढा तापतच नाही. ग्रिलची सोय हवी. ओव्हन मुळीच नसेल तर जाड तव्यावर भांडं ठेवून, झाकून, पंधरा मिनिटं मंद आच द्यावी. वरून रंग येणार नाही, झाकणाखालची वाफ तो येऊ देत नाही. तळाला मात्र खमंग पापुद्रा धरतो. घरात तो कुणाला मिळणार यावरून भांडण होणार असेल तर चौकोनी तुकडे पाडून उलटे वाढावेत.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नये. लगेच कापलं तर सॉस सैरावैरा धावतो. जरा निवला की स्टार्च धरतं आणि वाढताना तुकडा अख्खा उचलला जातो. आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर सगळं भांड्यात भरून, वरचा पावाचा चुरा सोडून, फ्रिजमध्ये ठेवता येतं. फक्त सॉसात आणखी पाऊण वाटी दूध घालावं, कारण रात्रभरात मॅकरोनी तेवढं पितेच, आणि भाजताना वेळ दहा मिनिटांनी वाढवावा. उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी गरम करताना दोन चमचे दूध शिंपडून झाकून ठेवला तर सॉस पुन्हा मोकळा होतो. नाहीतर फ्रिजमधून काढलेल्या गार, घट्ट ढेपेचे बोटभर जाडीचे काप करावेत, रव्यात घोळवावेत आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लालसर भाजावेत. सोबत टोमॅटोचं सार किंवा लसणाची चटणी, जे घरात असेल ते.